फुकटच्या एआयला पेशंटचा रिपोर्ट

आदरणीय सर,

मिरजेत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. तपासण्या मिस्टर बघतात, सहीला एमडी पॅथॉलॉजिस्ट मॅडम येतात. काउंटर, बिलं आणि माणसं माझ्याकडे. माझ्या भाच्याने आम्हाला एक सोय करून दिली आहे. रिपोर्टची पीडीएफ तो एका एआयमध्ये टाकतो आणि सोप्या मराठीत चार ओळी मिळतात. त्या आम्ही रिपोर्टबरोबर व्हॉट्सॲपवर पाठवतो. लोकांना फार आवडायचं. पण मागच्या पावसाळ्यात तापाच्या एका पेशंटला ‘प्लेटलेट फक्त १६८, ताबडतोब दवाखान्यात न्या’ असं गेलं. रिपोर्टवर १६८ च्या पुढे हजाराचं एकक छापलेलं होतं, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार, काहीच काळजीचं नाही. त्यांचा मुलगा रात्री लॅबवर येऊन वाट्टेल ते बोलून गेला.

आता एक कन्सल्टंट येऊन सांगून गेलेत की नव्या डेटा कायद्यात अडीचशे कोटींचा दंड आहे, साठ हजारांत डीपीडीपी सर्टिफिकेट काढून देतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कामगारांची वार्षिक तपासणी आमच्याकडे असते. त्यांनी नवा करार पाठवलाय, त्यात डेटाचं काही झालं तर सगळी भरपाई आमची. आणि तेच लोक दरवर्षी सगळ्या कामगारांचे रिपोर्ट एका एक्सेलमध्ये मागतात, आम्ही देतो. मिस्टर म्हणतात, जुना डेटा सगळा उडवून टाकू, कटकट नको. मी काय करू?

– एक वाचक, मिरज

नमस्कार ताई,

एक काम आजच करा. भाच्याला फोन लावा आणि पेशंटच्या पीडीएफ एआयमध्ये टाकणं बंद करायला सांगा. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, ह्याला नाही.

कारण सांगतो. तुमच्याच लॅबचा एखादा रिपोर्ट समोर घ्या. सगळ्यात वर पेशंटचं नाव, वय, लिंग. त्याखाली कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं ते. मग सॅम्पल घेतल्याची तारीख-वेळ, बारकोड, बहुतेक मोबाईल नंबरही. कोपऱ्यात क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून बघा. बऱ्याच लॅबमध्ये त्यातून थेट ऑनलाइन रिपोर्टच उघडतो. ‘नाव खोडून टाकतो ना’ असं भाचा म्हणेल. नाव खोडलं आणि क्यूआर राहिला तर काय खोडलं?

हा सगळा कागद भाच्याच्या वैयक्तिक खात्यातून जातो. अशा फुकट खात्यांत आपण टाकलेला मजकूर कंपनीला आपलं मॉडेल सुधारायला वापरता येतो, अशी सेटिंग बहुतेक ठिकाणी आधीपासूनच चालू असते. बंद करायची तर शोधून बंद करावी लागते. धंद्यासाठीच्या पैसे देऊन घेतलेल्या खात्यांत अटी वेगळ्या असतात, करार असतो. भाच्याच्या खात्यात तुमच्या लॅबचा कुणाशीच करार नाही. उद्या भाचा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला तर तुमच्या पेशंटच्या रिपोर्टांची अख्खी हिस्ट्री त्याच्या लॉगिनमध्ये त्याच्याबरोबर गेली. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं कळवलं होतं, ते ह्याच काळजीने.

एचआयव्हीचा रिपोर्ट त्यात गेला असेल तर प्रकरण आणखी गंभीर. त्याला २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करायला तो मनाई करतो. भाच्याला बसवून मागची हिस्ट्री तुमच्यासमोर पुसायला लावा. काय काय गेलं होतं त्याची नोंद मात्र आधी करून ठेवा, लपवाछपवी नको.

आता अडीचशे कोटी.

आकडा खोटा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ (कन्सल्टंट म्हणतो तो डीपीडीपी) च्या परिशिष्टात, डेटा सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. डेटा फुटला आणि कळवलं नाही तर दोनशे कोटींपर्यंत. पण ‘पर्यंत’ ह्या शब्दावर कन्सल्टंट लोक कधी थांबत नाहीत. चूक मोठी आहे असं ह्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला चौकशीअंती वाटलं तरच, आणि तुमचं ऐकून घेतल्यावर, दंड लागतो. रक्कम ठरवताना चुकीचं स्वरूप, किती काळ चालली, पुन्हा पुन्हा झाली का, त्यातून कुणी पैसा कमावला का, नुकसान कमी करायला काय केलं, आणि दंडाचा त्या माणसावर काय परिणाम होईल, हे सगळं बघायचं असं कलम ३३ मध्येच लिहिलंय. मिरजेतल्या लॅबला बुडवायला हा कायदा आलेला नाही.

आणि सर्टिफिकेट? ह्या कायद्यात लहान व्यावसायिकाने कुठलं सरकारी प्रमाणपत्र काढावं अशी तरतूदच नाही. तो कन्सल्टंट भीती घालून ताबीज विकतोय. साठ हजारांत तो बहुधा एक इंग्रजी पॉलिसी छापून देईल, वर तुमच्या लॅबचं नाव घालून. उद्या मंडळाने विचारलं की पेशंटच्या पीडीएफ कुठे जातात, तर त्या पॉलिसीत उत्तर सापडणार नाही.

कायद्याचं वेळापत्रक माहीत असू द्या, म्हणजे कुणी घाई केली तर त्याला विचारता येईल. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आत्ताचा कायदा झाला. तो दोन वर्षं नियमांची वाट बघत पडून होता. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मंडळाच्या स्थापनेचा भाग लगेच लागू झाला. तुमच्या-आमच्यावरच्या जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे अधिसूचनेप्रमाणे मे २०२७ मध्ये लागू होतात.

पण तोवर मोकळं रान आहे असं समजू नका. आयटी कायद्याचं कलम ४३अ आणि २०११ चे नियम तोपर्यंत चालू आहेत. त्यात आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ धरलेली आहे. ती घ्यायला लेखी संमती लागते, आणि तिसऱ्याला द्यायला आधी परवानगी. (संमती पत्राने, फॅक्सने किंवा ईमेलने घ्या असं त्या नियमात आहे. फॅक्स!) पेशंटच्या अंगाने बघितलं तर हा जुना कायदा एका बाबतीत बरा आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येते. नव्या कायद्याचा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, आणि ४३अ रद्द झाल्यावर पेशंटला ह्या मार्गाने दमडीही मिळणार नाही. मला हे पटत नाही. पण कायदा तसा आहे.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, ते १६८. तुम्ही ते भाच्याची किंवा एआयची चूक म्हणून लिहिलंय. ती तुमच्या लॅबची चूक आहे. रागावू नका. रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टच्या सहीशिवाय देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आणि तुमच्याकडे ते पाळलं जातं. मग त्याच रिपोर्टला जोडून गेलेल्या त्या चार ओळी कुणी तपासल्या? मॅडमनी बघितल्या नाहीत, मिस्टरांनी नाहीत. पेशंटला मात्र त्या तुमच्या नंबरवरून, तुमच्या लॅबच्या डीपीखाली आल्या. त्याच्या दृष्टीने त्या लॅबनेच लिहिल्या.

कॅनडात हेच प्रकरण निवाड्यापर्यंत गेलं. एका माणसाची आजी वारली. अंत्यविधीसाठीच्या सवलतीच्या तिकिटाबद्दल त्याने एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला विचारलं. सवलत प्रवासानंतरही मागता येईल, असं चॅटबॉटने सांगितलं. कंपनीचा नियम उलटा होता. भांडण लवादाकडे गेलं तेव्हा कंपनीने, चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने तो धुडकावला आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. रक्कम किरकोळ होती, पण ‘मशीन बोललं, मी नाही’ हे तिथे चाललं नाही. तो निवाडा आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण इथेही ते चालेल असं मला वाटत नाही. आपल्या कायद्यात तर लिहूनच ठेवलंय: काम दुसऱ्याकडून करून घेतलं, करारात काहीही लिहिलं, तरी पेशंटच्या डेटाची जबाबदारी ज्याने तो घेतला त्याची, म्हणजे तुमची. शिवाय ज्या माहितीवरून त्या माणसाबद्दल काही निर्णय होऊ शकतो ती पूर्ण आणि अचूक असायला हवी, हेही कलम ८ मध्ये आहे. ‘ताबडतोब दवाखान्यात न्या’ वाचून कुणी रात्री ॲडमिट झालं असतं तर तो निर्णयच होता की. आणि उलटं झालं असतं तर? खरोखर सोळा हजार प्लेटलेट असताना ‘व्यवस्थित आहे’ असं गेलं असतं तर?

एआयसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, तीही वेगळा कायदा तूर्त नको अशाच सुराची. म्हणून ‘एआय कंप्लायन्स’ नावाचं आणखी एक पॅकेज कुणी घेऊन आलं तर चहा पाजून पाठवा. तुमच्यापुरता एआयचा धोका म्हणजे डेटाचा धोका अधिक चुकीच्या माहितीची जबाबदारी, बस.

तुमची मूळ कल्पना मात्र चांगली आहे, ती सोडू नका. रिपोर्ट इंग्रजीत, आकडे ठळक छापलेले, बाजूला बाण, आणि वाचणारा घाबरलेला. त्याला मराठीत कुणीतरी सांगायला हवं हे तुम्ही ओळखलंत. फक्त क्रम बदला. तुमच्याकडे सर्वात जास्त होणाऱ्या पंधरा-वीस तपासण्या काढा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉईड, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, लघवी वगैरे. प्रत्येकीची सर्वसाधारण माहिती मराठीत तयार करा: ही तपासणी कशाची, आकडा कुठल्या एककात असतो, कमी-जास्त म्हणजे काय, डॉक्टरांना काय विचारायचं. ह्यासाठी एआय खुशाल वापरा, कारण त्यात कुठल्याच पेशंटचं काही जात नाही. मग मॅडमना बसवून एकेक ओळ तपासून घ्या आणि त्यांचं नाव खाली घाला. प्लेटलेटच्या पानावर ठळक लिहा: ‘रिपोर्टवर १६८ आणि पुढे हजाराचं एकक असेल तर ते १ लाख ६८ हजार.’ एचबीएवनसीच्या पानावर, ५.७ ते ६.४ टक्के हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, निदान मात्र डॉक्टर करतील. ही पानं रिपोर्टला जोडा. काम एकदाच, आणि १६८ सारखा घोटाळा पुन्हा होणार नाही.

प्रत्येक पेशंटचा वेगळा सारांशच हवा असेल, तर तो धंद्याच्या खात्यातून, लेखी करार करून, पेशंटची वेगळी संमती घेऊन आणि मॅडमच्या नजरेखालून गेल्यावरच. माझ्या मते एवढा व्याप तुमच्या आकाराच्या लॅबला परवडत नाही. कंपनीचे सर्व्हर परदेशात आहेत ह्याची तूर्त भीती नको. सरकार ज्या देशांवर बंदी घालेल ते सोडून डेटा बाहेर पाठवता येतो.

काउंटरवर काय बदलायचं? पेशंटने स्वतः नंबर देऊन ‘ह्यावर रिपोर्ट पाठवा’ म्हटलं तर त्या कामासाठी वेगळ्या संमतीचा घोळ नाही. नव्या कायद्यात औषधाच्या दुकानाचं असंच उदाहरण दिलंय: गिऱ्हाईकाने पावतीसाठी नंबर दिला तर दुकानदाराने पावती पाठवावी. पावतीच. त्याच नंबरावर दिवाळीला फुल बॉडी चेकअपची ऑफर टाकायची तर ते वेगळं काम झालं, त्याला वेगळं विचारा. आणि सगळ्याच गोष्टींची मिळून एकच सही घेऊन ठेवू अशी पळवाटही नाही. टेलिमेडिसिन ॲपने उपचाराबरोबर फोनमधले कॉन्टॅक्ट बघायचीही संमती घेतली, तर कॉन्टॅक्टपुरती ती धरायचीच नाही, असंही एक उदाहरण कायद्यातच आहे.

सूचना मराठीत लावा. इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणारच आहे. मसुदा साधारण असा: ‘तुमचं नाव, वय, मोबाईल नंबर आणि तपासणीचे निकाल आम्ही रिपोर्ट तयार करून तुम्हाला व तुम्ही सांगाल त्या डॉक्टरांना देण्यासाठी वापरतो. दुसऱ्या कामासाठी वापरायचे असतील तर आधी विचारू. दिलेली संमती कधीही काढून घेता येईल. माहिती बघायची, दुरुस्त करायची किंवा पुसायची असेल, अथवा तक्रार असेल तर ह्या नंबरवर कळवा. समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल.’ खाली तुमचा नंबर. नियमांप्रमाणे लागणारी लिंक नंतर वकिलाकडून घालून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकाच पासवर्डने शिरत असतील तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, नोकरी सोडून गेलेल्या टेक्निशियनचं त्याच दिवशी बंद करा. डॉक्टरांना रिपोर्ट टाकण्यासाठी ग्रुप काढला असेल तर मोडा, डॉ. अमुक यांच्या पेशंटचा रिपोर्ट डॉ. तमुक यांनी बघायचं काय कारण? लॅबचा व्हॉट्सॲपचा मोबाईल हरवला तर तो नुसता मोबाईल हरवला असं धरू नका. नवे नियम लागू झाल्यावर अशा वेळी प्रत्येक संबंधित पेशंटला आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा. कॉम्प्युटर हॅक होण्यासारख्या सायबर घटनांसाठी सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, एप्रिल २०२२ चा आदेश आजच लागू आहे, त्यात त्यांना कळवायची मुदत सहा तासांची आहे.

मिस्टरांना सांगा, उडवाउडवी नको. काम संपल्यावर डेटा पुसावा हे खरं, पण दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवायला लावला असेल तर ठेवायचा, आणि नव्या नियमांत डेटा व लॉग (सिस्टिममध्ये कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी) किमान वर्षभर ठेवायला सांगितलंय. तीन वर्षांनी पुसा, हा नियम लाखो-कोट्यवधी ग्राहकांच्या ई-कॉमर्स, सोशल मीडिया आणि गेमिंग कंपन्यांचा आहे. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. मॅडमशी बोलून कुठला रिपोर्ट किती वर्षं ठेवायचा ते कागदावर लिहा. जुना थायरॉईड शोधत पेशंट परत येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

राहिला कारखाना. ती एक्सेल बंद करा. वेल्डिंगवरच्या माणसाची साखर किती, कुणाला कावीळ होऊन गेली, हे एचआरच्या ईमेलमध्ये फिरायला नको. नोकरीच्या कामासाठी मालकाला काही माहिती संमतीशिवाय वापरता येते आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांना आरोग्याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. पण म्हणून सगळ्यांचं सगळं द्यायचं कारण नाही. कारखान्याला लेखी विचारा: कुठल्या कायद्याखाली कुठली तपासणी हवी आहे? तेवढी कारखान्याच्या डॉक्टरांच्या नावाने द्या, बाकीच्यांसाठी ‘कामास योग्य’ किंवा ‘पुढील तपासणी आवश्यक’ एवढाच दाखला, आणि पूर्ण रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला. ते कुरकुरतील. त्यांनीच पाठवलेल्या कराराचा डेटावरचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आणि त्या करारावर आहे तशी सही करू नका. ‘सगळी भरपाई आमची’ ह्यात कारखान्याच्या एचआरने फाइल चुकून भलत्याला पाठवली तरी पैसे तुम्ही द्यायचे, असा अर्थ निघू शकतो. ‘लॅबच्या चुकीने झालेल्या नुकसानापुरती आणि वर्षाच्या कामाच्या बिलाच्या अमुक पट एवढीच लॅबची भरपाई, आणि कारखान्याकडून फुटलं तर कारखान्याची’, अशी दुरुस्ती मागा. त्यासाठी सांगलीतला एखादा करार बघणारा वकील गाठा. कन्सल्टंटला द्यायच्या साठ हजारांतले थोडे पैसे इथे घाला.